ठिपक्यांची उंची

“हे ठिपके बुटके आहेत,” थोरवेबाई म्हणाल्या आणि पान टेबलावरून रफिकच्या दिशेने सरकवलं. “याच्यावर माझा शिक्का पडणार नाही.”

रफिकने पान उचललं, खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं, डोळे बारीक केले आणि माझ्याकडे बघितलं. मीही डोकावले. पांढऱ्या जाड कागदावर ठिपक्यांच्या ओळीच्या ओळी, नेहमीसारख्याच. मला तर काही वावगं दिसेना.

“मॅडम, तुम्हीच सांगा आता,” रफिक पुटपुटला. “तीन दिवस झाले. एक पान पास होत नाहीये.”

याला आता चौदा वर्षं झाली. कराडमध्ये एका छोट्या ट्रस्टचा ब्रेल छापखाना होता, तिथली ही गोष्ट. अनसूया थोरवे या तिथल्या मुद्रितशोधक. सहाव्या वर्षी देवी आल्या आणि दृष्टी गेली. तेव्हापासून वाचायचं ते बोटांनी. सत्तावीस वर्षं त्या एकाच खुर्चीत बसून छापलेलं वाचत होत्या. मशीनमधून पहिलं पान निघालं की ते त्यांच्या बोटांखालून जायचं, त्यांनी कोपऱ्यात आपला शिक्का उमटवला की मगच बाकीच्या प्रती. रफिक मुल्ला मशीन चालवायचा. आणि मी पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटरची लॅब सांभाळायचे, पण छापखान्यातलं ते ठिपके उठवणारं मशीन माझ्या जिवावर चालतं, असं गावभर सांगत सुटायचे.

तसं ते खोटं नव्हतं. मशीन परदेशी, ठणठणीत, पण बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. नव्या कॉम्प्युटरला त्या मशीनशी बोलताच येईना. तेव्हा मी कर्नलमध्ये हात घातला. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी तळाशी बसलेला कारभारी. कुठल्या यंत्राला काय निरोप द्यायचा आणि कधी द्यायचा, ते सगळं तो बघतो. आमचा कर्नल फुकटातला, जगभरातली हजारो माणसं मिळून लिहितात तो, आणि आपल्याला हवा तसा बदलता येतो. मी त्यात माझ्या बारा ओळी घातल्या. त्यांचा अर्थ इतकाच की मशीनच्या हातोडीला निरोप दिलास की चाळीस मायक्रोसेकंद थांब, तिला पुरता ठोका मारू दे, मग पुढचा निरोप दे. एका सेकंदाचे दहा लाख तुकडे केले, तर त्यातले चाळीस.

आता कर्नलची नवी आवृत्ती दर थोड्या दिवसांनी येते. प्रत्येक वेळी त्यात आपल्या ओळी बसवा, सगळा कर्नल पुन्हा बांधा, कोण करत बसणार? त्यासाठी इंटरनेटवर एक बिल्ड सर्व्हिस होती. नवी आवृत्ती आली की ती आपणहून उचलायची, माझ्या बारा ओळी त्यात घालायची, कर्नल बांधून काढायची, आणि कुठे अडलं नाही की माझ्या पानावर हिरवी खूण टाकायची. रविवारी सकाळी छापखान्यातला कॉम्प्युटर तो ताजा कर्नल ओढून घ्यायचा. मी घरी पोहे खात असायचे. तीन वर्षं हिरवी खूण चुकली नव्हती, आणि तिला बोटही न लावता मी तिचा सगळा मान खात होते.

तर त्या गुरुवारी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मला बोलावलं होतं व्यवस्थापक डुबलसाहेबांनी. ते आत आले, पंखा मोठा केला, आणि बाईंच्या समोर न बसता माझ्या शेजारी उभे राहिले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

“बाई, नववीचं गणित पंधरा जूनला शाळांत पोचायचं आहे,” ते म्हणाले. “बेचाळीस मुलं आहेत. उद्या छपाई सुरू झाली नाही तर आपण तोंड दाखवायच्या लायकीचे राहणार नाही.”

“म्हणूनच म्हणतेय, साहेब. हे पुस्तक दिवाळीपर्यंत सपाट होईल. नववीचं पोर एकेक गणित दहा वेळा चाचपतं. बुटका ठिपका किती दिवस टिकणार?”

“शाळेतल्या जोशीसरांना मी पान पाठवलं होतं. तेही तुमच्यासारखेच वाचणारे. ते म्हणाले, वाचता येतंय.”

“येतंयच की. आज येतंय.”

डुबलसाहेबांनी सुस्कारा सोडला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. अवघड बोलायचं असलं की ते चष्मा काढून पुसायचे, तसा त्यांनी तो काढला.

“वैजयंती मॅडम,” ते मला म्हणाले, “तुम्ही स्पष्ट सांगा. मशीनमध्ये काही दोष आहे का?”

मी लॅपटॉप उघडला. माझं पान समोर आलं. खालपासून वरपर्यंत नुसतं हिरवंगार. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि एखाद्या मोठ्या डॉक्टरच्या थाटात म्हणाले, “काहीही दोष नाही. प्रत्येक आवृत्ती नीट बांधली गेलीय. मशीन शंभर टक्के बरोबर आहे.”

“म्हणजे मग...” डुबलसाहेब थांबले.

ते ‘मग’ कुठे जातंय ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. बाईंना दहा वर्षांपासून मधुमेह होता. पायाच्या बोटांची जाणीव गेल्या वर्षी गेली होती. चप्पल निसटली तरी त्यांना समजायचं नाही. साखर पायांतून हातांत यायला वेळ लागत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि हे बाईंनी स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगितलं होतं.

“बाई, तुम्ही आम्हाला खूप दिलंत,” डुबलसाहेब चष्मा पुसत म्हणाले. “आता जरा विश्रांती घ्या. साताऱ्याहून एक मुलगी यायला तयार आहे. तुम्ही तिला शिकवा, घरी बसून. पगाराचं मी बघतो.”

बाईंनी दोन्ही हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवले. मला ते कसंसंच झालं, कारण त्यांचे हात टेबलावर नाहीत असं मी कधी बघितलंच नव्हतं. तरी मी गप्प बसले. खरंच सांगते, मला तेव्हा त्यांची दया आली होती. आज ती दया आठवली की स्वतःच्या श्रीमुखात द्यावीशी वाटते.

बाई म्हणाल्या, “वैजू, हिरवं आलं म्हणजे नक्की काय झालं गं?”

“म्हणजे कर्नल कुठेही न अडता बांधला गेला.”

“बांधून झाल्यावर वाचला कोणी?”

“बाई, दीड कोटी ओळी असतात त्यात. कोण वाचणार?”

“तुझ्या बारा तरी?”

मी लॅपटॉपवरचं हिरवं पान पुन्हा वर-खाली सरकवलं.

“म्हणजे छापलं गेलं, एवढंच तुला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, उलट जरा थकलेला होता. “बरोबर छापलं गेलं का, ते तुला माहीत नाही. सत्तावीस वर्षं मी याच फरकाचा पगार घेतेय, बाळ.”

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! गावातल्या एकमेव कर्नलवालीला कोणी तिचं काम शिकवतंय, आणि तेही मशीनच्या बटणाला कधी हात न लावलेल्या बाई. “मग करा तुम्हीच परीक्षा,” मी फटकन बोलून गेले. “कशी करायची ते सांगा.”

“करते,” बाई म्हणाल्या. “रफिक, साक्षीची पानं काढ.”

छापखान्यात एक जुनी रीत होती. रोज मशीन सुरू केलं की पहिलं पान म्हणून वर्णमाला छापायची, पाठीमागे शाईच्या पेनाने तारीख टाकायची आणि कपाटात ठेवायचं. त्याला साक्षीचं पान म्हणत. कशासाठी, ते कोणालाच धड माहीत नव्हतं. आधीच्या व्यवस्थापकांनी लावलेली शिस्त, रफिक मुकाट्याने पाळत होता. त्याने जानेवारीपासूनचा गठ्ठा आणला. मार्चनंतर एकही पुस्तक छापलं नव्हतं, पण ही पानं रोज निघत होती आणि कोणी न वाचताच कपाटात जात होती.

“त्यातली वीस काढ. कुठलीही. पत्त्यांसारखी पिस, आणि तारीख खालच्या बाजूला ठेवून एकेक दे.”

शाईची तारीख बाईंना वाचता येणं शक्यच नव्हतं. आणि सगळ्या पानांवर मजकूर तोच, क ख ग घ. डुबलसाहेब अखेर खुर्ची ओढून बसले. मी हाताची घडी घालून उभी राहिले.

बाईंनी रुमालाने बोटं पुसली. पहिलं पान आलं. डाव्या हाताची तर्जनी पहिल्या ओळीवरून गेली, अर्ध्यात थांबली. पान डावीकडे ठेवलं. दुसरं, डावीकडे. तिसरं उजवीकडे. चौथ्याला जरा वेळ लागला. बोट मागे आलं, पुन्हा गेलं. उजवीकडे. अकरावं पान हातात घेऊन त्या म्हणाल्या, “याला घामाचा हात लागलाय, रफिक,” आणि रफिकने घाईघाईने हात शर्टाला पुसले. पंखा गरगरत होता. वीस पानांना फार तर पाच मिनिटं लागली असतील.

“डावीकडचे उभे ठिपके. उजवीकडचे बुटके. आता उलटून बघा.”

डावीकडची पानं मी उलटली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, सात एप्रिल. उजवीकडची उलटली. अकरा एप्रिल, चौदा एप्रिल, मे, मे, मे. भरभर चाळताना डावीकडे एप्रिलच्या दहा तारखेनंतरचं एकही दिसलं नाही, उजवीकडे त्याआधीचं एकही नाही. दहा एप्रिलला रविवार होता. त्या रविवारी पोहे खाताना मी फोनवर हिरवी खूण बघितली होती.

पण हार मानायची नाही हा माझा जुना रोग. मी डावा गठ्ठा पुन्हा चाळला, आणि सापडलं! एकोणीस एप्रिल. चांगल्या ठिपक्यांच्या गठ्ठ्यात एकोणीस एप्रिलचं पान.

“हे बघा,” मी जवळजवळ ओरडलेच. “हे एक चुकलंय, बाई. हे नंतरचं आहे.”

लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला होता.

बाईंनी हात पुढे केला. मी पान दिलं. त्यांनी ते पुन्हा वाचलं, या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मान हलवली. “नाही. हे उभेच आहेत. तारीख काहीही असू दे.”

“तारीख मीच टाकलीय, बाई,” रफिक हळूच म्हणाला. मग तो थांबला. पान बाईंच्या हातातून घेतलं, तारखेकडे बघत राहिला, आणि एकदम म्हणाला, “एकोणीस म्हणजे मंगळवार. मॅडम, त्या दिवशी लाइट सारखी जात होती. कॉम्प्युटर अर्ध्यात अडकला, उठेचना. तुम्हाला फोन लावला तर तुमचा तास चालू. तुम्ही मागे एकदा दाखवलं होतं ना, यादी येते, त्यातलं जुनं नाव निवडायचं? मी तसं केलं. त्या दिवसापुरतं जुन्यावर चालवलं. दुसऱ्या दिवशी आपोआप नव्यावर आलं.”

डुबलसाहेबांनी ते पान रफिककडून घेतलं आणि स्वतः तारीख बघितली.

जवळजवळ पन्नास दिवसांत एकच दिवस जुना कर्नल चालला होता. मला माहीत नव्हतं, डुबलसाहेबांना माहीत नव्हतं, रफिक स्वतः विसरला होता. आणि ज्या बाईंच्या बोटांत जीव उरला नाही असं आम्ही तिघं मिळून ठरवत होतो, त्यांनी ते एक पान अर्ध्या ओळीत बाजूला काढलं होतं. तारखेवर नाही, नशिबावर नाही. तिथे हातोडीला चाळीस मायक्रोसेकंद मिळाले होते, आणि उजवीकडच्या पानांवर मिळाले नव्हते. एवढासा वेळ मोजायला आमच्या लॅबमध्ये यंत्र होतं, कपाटात कुलूपबंद, आणि त्याला हात लावायला प्राचार्यांची परवानगी लागायची. तेच यंत्र या बाईंच्या तर्जनीत होतं.

“बसते मी,” मी म्हणाले आणि खरोखरच बसले.

मग तीन वर्षांत पहिल्यांदा मी माझी बिल्ड वाचायला घेतली. सर्व्हिस काय काय करते त्याची ती नोंद ठेवते, हजारो ओळींची. खूण हिरवी असली की ती नोंद कोणी उघडत नाही. मी दहा एप्रिलची उघडली आणि माझ्या पॅचच्या, म्हणजे त्या बारा ओळींच्या, नावापाशी येऊन थांबले. तिथे एक ओळ होती: पॅच बसला, मात्र ठरल्या जागेपासून दोनशे चौदा ओळी वर.

“काय निघालं?” डुबलसाहेबांनी विचारलं.

“माझा पॅच म्हणजे एक चिठ्ठी असते, साहेब. ‘अमुक तीन ओळी शोध, आणि त्यांच्याखाली माझ्या बारा घाल.’ एप्रिलमध्ये कोणीतरी कर्नलमध्ये नवा भाग लिहिला, वेगळ्याच यंत्रासाठी. त्यातही तंतोतंत त्याच तीन ओळी आल्या. आणि माझ्या मूळ ओळींत त्यांनी थोडी उलथापालथ केली. चिठ्ठी घेऊन जाणाऱ्याला आधी त्या नव्या दिसल्या. त्याने माझ्या बारा ओळी तिथे नेऊन घातल्या. शेजारच्या घरात. तिथेही त्या छान बसल्या. कुठे अडलं नाही, म्हणून हिरवं.”

“आणि आपली हातोडी?”

“तिच्यासाठी थांबणारं कोणी उरलंच नाही. अर्धवट ठोका मारून पळतेय बिचारी, सात आठवडे.”

बाई गालातल्या गालात हसल्या. “असं आमच्यातही होतं. एकसारखे दोन परिच्छेद असले की मजकूर जुळवणारा दुरुस्ती भलत्याच ठिकाणी घालतो. म्हणून आम्ही दुरुस्ती केलेलं पान परत वाचतो.”

मी ओळी उचलून त्यांच्या जागी बसवल्या. ओळी इकडच्या तिकडे सरकवाव्या लागल्या तर गुपचूप बसवायचं नाही, तिथेच थांबायचं, असंही सर्व्हिसला बजावलं. हे तीन वर्षांपूर्वीच करायचं असतं, पण ते करायला आपल्यालाही चुकता येतं हे मान्य असावं लागतं. मग बिल्ड लावली. नवा कर्नल यायला दीड तास लागणार होता.

डुबलसाहेब फोनवर बोलायला बाहेर गेले, रफिक चहा सांगायला. खोलीत आम्ही दोघीच उरलो. मी माफी मागायला शब्द जुळवत होते, एवढ्यात बाईच बोलल्या.

“वैजू, तीन दिवस घरी जाऊन मी काय करत होते माहितीये? जुनी पुस्तकं काढून चाचपत होते. वीस-वीस वर्षांपूर्वीची. ती लागायची नीट. मग वाटायचं, पाठ आहेत म्हणून लागतायत. मग पानं उलटीसुलटी करून मधूनच बोट ठेवायचं. तरी मनाची खात्री होईना.” त्यांनी हाताची बोटं एकमेकांत अडकवली. “डुबलसाहेब बोलले त्याचं मला एवढं नाही. पण तू म्हणालीस ना, शंभर टक्के बरोबर, तेव्हा मला वाटलं, संपलं. ही पोरगी हुशार आहे, हिचं मशीन खोटं कसं बोलेल? आता भिंती चाचपत बसायचं.”

“मग परीक्षा कशाला करायला निघालात?”

“नापास झाले असते तर निदान मला स्वतःला कळलं असतं की. कोणीतरी सांगितलं म्हणून माझी बोटं मेली असं मी कशी मानू?”

मला रडू फुटलं. डोळ्यांत आलेलं आवाजात येऊ नये म्हणून मी पुष्कळ धडपडले, पण या बाईंपासून काय लपणार! “पुरे,” त्या म्हणाल्या. “कागदावर पडेल. ओला कागद ठिपका धरत नाही.”

सहा वाजायच्या सुमारास नवा कर्नल आला. रफिकने कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि साक्षीचं पान न काढता थेट नववीच्या गणिताचं मधलंच एक पान लावलं. मशीन खडखडायला लागलं. मला आवाजात फरक वाटला, पण खरंच होता की मला तो हवा होता, देव जाणे. पान बाहेर आलं. मी त्यावर बोट फिरवलं, डोळे मिटून फिरवलं, मग आधीच्या पानावर फिरवलं. मला दोन्ही अगदी सारखीच लागली.

“मॅडम, झालं का दुरुस्त?” डुबलसाहेब दारातून म्हणाले. “शाळेला काय कळवू?”

लॅपटॉप माझ्या पुढ्यात उघडाच होता. नवी बिल्ड हिरवी झाली होती, पॅच जागच्या जागी बसल्याचं मी तीनदा वाचलं होतं.

“मला नाही सांगता येणार, साहेब,” मी म्हणाले. “बाईंना विचारा.”

डुबलसाहेबांनी पान स्वतः उचललं आणि बाईंसमोर ठेवलं, दोन्ही हातांनी. बाईंनी रुमालाला बोटं पुसली. तर्जनी पहिल्या ओळीवर टेकली आणि चालू लागली. दुसऱ्या ओळीवर, तिसऱ्या, कुठे न थांबता. आम्ही तिघं उभे. सातव्या ओळीवर बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा तिथेच येऊन थांबलं. रफिकने माझा हात घट्ट धरला.

“ठिपके उभे आहेत,” बाई म्हणाल्या. “पण तिसऱ्या उदाहरणात क्षच्या आधीचं वजाचं चिन्ह राहिलंय. पोरांची सगळी उत्तरं चुकतील, आणि त्यांना वाटेल आपलंच डोकं चालत नाही. दुरुस्त करून आण रे, परत वाचते.”